घोड्यांची वाट सातबाऱ्यावर नाही, मग?

प्रश्न : आजोबांपासून आम्ही जुन्या वाटेनं घोडी शेतावर आणि चरायला नेतो. महिन्यापूर्वी शेजाऱ्यानं तार ओढली. "सातबाऱ्यावर रस्ता दाखव," म्हणतो. आमचा हक्क बुडाला का?
– एक वाचक, माळशिरस तालुका, जि. सोलापूर

उत्तर : नाही, निश्चिंत राहा. सातबाऱ्यावर नाही म्हणजे वाटच नाही, हा गैरसमज आहे. वाट आधी गाव नकाशात शोधायची. दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, एक म्हणजे पायमार्ग. प्रत भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. सापडली, तर अतिक्रमण काढण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करा.

नकाशात नसली तरी मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चं कलम 5 आहे. शेताकडं किंवा चराईकडं जाणारी वहिवाट अडवल्यास तहसीलदार ती मोकळी करायला लावू शकतात. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा हवा. अकलूजचा घोडेबाजार उरकून बघू, असं म्हणू नका! घोड्यांच्या वाटेसाठी आपल्याकडं वेगळा कायदा नाही, म्हणून अर्जात रपेट नको, शेत आणि चराई ठळक लिहा.

दिवाणी न्यायालयही आहे. सुविधाधिकार अधिनियम, 1882 नुसार 20 वर्षांची उघड, शांततेची, अखंड आणि हक्कानं केलेली वहिवाट सिद्ध करावी लागते. परवानगीनं केलेला वापर त्यात धरत नाहीत. तेव्हा शेजाऱ्याला "जाऊ द्यावे ही विनंती" अशी चिठ्ठी लिहून देऊ नका. आणि तार स्वतः तोडू नका, तिचे फोटो काढून ठेवा.