माल भरताना काट्याचा हिशेब

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात आपले अनेक बांधव कांदा, भंगार व मालवाहतुकीच्या व्यवसायात आहेत. कित्येक कारागीर गॅरेजमध्ये व ट्रकची बॉडी बांधण्याच्या कामात आहेत. "दहा-वीस गोण्यांनी काय बिघडते?" हे वाक्य सर्वांच्या कानावरचे आहे. म्हणून कायदा काय सांगतो ते आपण पाहू.

वजनाची मर्यादा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११३ मध्ये आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ती वाढवली. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकचे मालासह एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन झाले. त्यात पुढच्या अ‍ॅक्सलवर ७ आणि मागच्या चार टायरच्या अ‍ॅक्सलवर ११.५ टन. तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकला २५ ऐवजी २८.५ टन. मात्र आपल्या गाडीला लागू होतो तो तिच्या आरसी बुकातील आकडा. तेथे १६.२ असेल, तर १६.२ च.

आता हिशेब करू. आरसीवर एकूण वजन १८.५ टन, रिकामी गाडी ६.५ टन, म्हणजे माल १२ टन. ५० किलोच्या २४० गोण्या झाल्या. आपण २८० भरल्या, तर २ टन जादा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे दंड २०,००० रुपये, शिवाय दर जादा टनाला २,००० रुपये, एकूण २४,०००. उतरवण्याचा खर्च वेगळा, आणि जादा माल उतरल्याशिवाय गाडी हलत नाही. दंड भरला म्हणजे परवानगी मिळाली असे नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००५ मध्येच स्पष्ट केले आहे. वजन करू देण्यास नकार दिल्यास ४०,००० रुपये. गाडी चालवणाराच नव्हे, चालवायला लावणाराही दोषी ठरतो.

कारागीर बांधवांनी ध्यानात ठेवावे की जादा पाटा चढवल्याने किंवा फळ्या उंच केल्याने आरसीवरील आकडा वाढत नाही. सगळा माल मागे लादला, तर एकूण वजन बरोबर असूनही मागचा अ‍ॅक्सल मर्यादा ओलांडतो.

माळशेज घाट उतरताना जादा भाराने ब्रेक तापतात. तेव्हा ड्रायव्हरच्या जिवाचा प्रश्न असतो. मापात कमी देणाऱ्यांसाठी कुरआनात 'अल-मुतफ्फिफीन' ही स्वतंत्र सूरह आहे. गिऱ्हाइकाला पुरे माप देणाऱ्या व्यापाऱ्याने ड्रायव्हरवर जादा ओझे लादू नये. माल भरण्यापूर्वी आरसी बुक उघडावे, भरल्यावर गाडी काट्यावर न्यावी, एवढीच आमची विनंती.