थाई जेवणातले लपलेले सोडे

गेल्या वर्षी आम्ही काही मित्र सहकुटुंब बँकॉकला गेलो होतो. मुक्कामाजवळच्या एका लहानशा खाणावळीत रोज जेवत असू. कच्च्या पपईची सोम तम, टॉम यम सूप, नारळाच्या दुधातली हिरवी करी. आंबट, तिखट, गोड, खारट असे सारे एकाच जेवणात. मन तृप्त होई.

आमच्यातील एका गृहस्थांना कोळंबीची अॅलर्जी. म्हणून त्यांनी मुद्दाम पपईची कोशिंबीर मागवली. चार घासांतच ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, घसा आवळू लागला. कोशिंबिरीत सोडे होते! रुग्णालयात लगेच अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन मिळाले, म्हणून निभावले.

लक्षात ठेवा, सोम तममध्ये बहुधा सोडे व शेंगदाणे असतात. करीच्या वाटणातही बरेचदा आंबवलेली कोळंबी असते. म्हणजे भाजीची करीही निर्धोक नव्हे. मिठाऐवजी 'नाम प्ला' हा मासे मुरवून केलेला खारा रस घालतात. त्याच्या एका मोठ्या चमच्यातून सुमारे ३ ग्रॅम मीठ पोटात जाते. दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी हवे. रक्तदाबाच्या रुग्णांनी सूप बेतानेच घ्यावे.

अॅलर्जी असणाऱ्यांनी थाई भाषेत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवावी व आचाऱ्याला दाखवावी. आपल्याकडच्या थाई हॉटेलातही आधी विचारावे. धाप लागली किंवा घसा आवळला, तर नुसत्या गोळीवर विसंबू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा. एवढे पथ्य पाळा आणि मग खुशाल चव घ्या.