पोराच्या स्नायूंचा आजार आणि ‘स्टेम सेल’ची आशा

“ताई, स्टेम सेलचं इंजेक्शन दिलं की पोरगा पुन्हा चालेल म्हणतात. खोली विकू का?” वस्तीतल्या एका आईने मला विचारलं. मुलगा अकरा वर्षांचा. आजार डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. मी म्हटलं, थांबा. आधी नीट समजून घेऊ.

आजार काय आहे?
स्नायूंना टिकवून धरणारं डिस्ट्रॉफिन हे प्रथिन या मुलांच्या शरीरात बनत नाही, कारण ते बनवणाऱ्या जनुकातच बिघाड असतो. आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो. लहानपणी मूल वारंवार पडतं, जिना चढताना अडखळतं, उठताना मांडीवर हात टेकतं. पोटऱ्या मात्र जाड दिसतात. साधारण बाराव्या वर्षापर्यंत चालणं थांबतं. पुढे हृदय आणि श्वासाचे स्नायूही दुबळे होतात.

ही बाहेरची बाधा नाही. आईचा दोषही नाही. बिघडलेलं जनुक आईकडून येऊ शकतं, पण सुमारे एक तृतीयांश मुलांत बिघाड नव्यानेच झालेला असतो.

स्टेम सेलने बरा होतो का?
आज तरी नाही. थॅलेसेमिया, सिकलसेल, रक्ताचा कॅन्सर यांत स्टेम सेल प्रत्यारोपणाचा खरा उपयोग होतो, कारण नव्या पेशी हाडांच्या मगजात रुजून नवं रक्त बनवतात. स्नायू मात्र शेकडो आहेत आणि अंगभर पसरलेले. १९९० च्या दशकात दुसऱ्याच्या स्नायूपेशी टोचून पाहिल्या. बहुतेक पेशी लवकर मेल्या, उरलेल्या सुईच्या जागेपुढे फारशा पसरल्या नाहीत. मुलाच्या स्वतःच्याच मगजातून काढलेल्या पेशींत तर तोच बिघाड असतो. त्या डिस्ट्रॉफिन कुठून बनवणार?

संशोधन चालू आहे. पण भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा आजारात स्टेम सेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. म्हणून कुणी लाखांचं पॅकेज सांगितलं, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी लेखी मागा.

मग करायचं काय?
- संशय आला की रक्ताची सीपीके तपासणी करा, मग जनुक तपासणी.
- डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड नियमित द्या. त्याने चालणं काही काळ टिकतं. ते मनाने अचानक बंद करू नका.
- स्नायू ताणण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज घरी करून घ्या.
- हृदय आणि श्वासाची तपासणी वेळोवेळी करा.
- पुढच्या बाळंतपणाआधी आईची, आणि मोठ्या झाल्यावर बहिणींचीही, जनुक तपासणी व सल्ला घ्या.
- २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार आहे. प्रमाणपत्र काढा. शाळा सोडवू नका.

त्या आईने खोली विकली नाही. मुलगा आता चाकाच्या खुर्चीवरून शाळेत जातो. औषध निघेल तेव्हा निघेल. तोवर त्याचं शिक्षण आणि डोक्यावरचं छप्पर, दोन्ही राखणं आपल्या हातात आहे.