कुर्डुवाडी स्थानकावरचा धडा



कुर्डुवाडी जंक्शनवर गाडी बदलताना आपण काय पाहतो? फलाट, चहावाला, गर्दी. अमृत भारत स्थानक योजनेत या स्थानकाचाही समावेश आहे. स्थानक नवे करताना तेथील जुना वारसा चित्रांतून व फलकांतून प्रवाशांपुढे मांडता येतो. ही चांगली गोष्ट होय. परंतु वारशाचे थर अनेक असतात. त्यांतले कोणते दाखवावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

पहिला थर सर्वांस ठाऊक आहे. या स्थानकाचे जुने नाव बार्शी रोड. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने येथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीचा रूळ टाकला आणि १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. गाडीचे ओझे सर्व चाकांवर सारखे वाटले, तर हलक्या रुळावरूनही भरपूर माल नेता येतो, हे त्याने दाखवून दिले. ही लहान गाडी १९०६ मध्ये पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस पोहोचली. १९५४ साली ती सरकारने घेतली. पुढे टप्प्याटप्प्याने हा मार्ग रुंद झाला.

दुसरा थर वारकऱ्यांचा. हजारो यात्रेकरू येथे उतरून पंढरीची गाडी धरीत. पण त्याच पंढरीच्या मंदिराचे दार अस्पृश्यांस १९४७ पर्यंत बंद होते. साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते उघडले. यात्रेचे चित्र काढावे, पण हे वर्षही त्याखाली लिहावे.

तिसरा थर आपला आहे. १९०१ साली लहानगा भीमराव भाऊ व भाच्यांसह साताऱ्याहून निघून मसूर स्थानकावर उतरला. स्टेशनमास्तरने आस्थेने चौकशी केली. मुले महार आहेत असे कळताच त्याचा चेहरा बदलला. कोणी गाडीवान त्यांस नेईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून मुलांनी स्वतःच बैलगाडी हाकली. जवळ जेवण होते, पण प्यावयास पाणी मिळाले नाही. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की, आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. त्यास साधा पोर्टरही करीत नाहीत. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि तेथे विटाळ आडवा येतो. १९४१ साली याच लहान रेल्वेच्या वाटेवरील कसबे तडवळे येथे महार-मांगांची परिषद बाबासाहेबांच्या उपस्थितीत भरली.

फलकावर केवळ इंजिन आणि दिंडी राहिली, तर आपली मुले काय समजतील? आपले आजे-पणजे येथे नव्हतेच, असे समजतील. ज्यांनी उन्हातान्हात रूळ सांभाळले, त्यांचा मागमूसही राहणार नाही.

मात्र एक सावधगिरी बाळगा. भगवंतांनी कालामांस सांगितले की, केवळ ऐकीव आहे म्हणून काही मानू नका. हा नियम आपल्याही कथांस लागू आहे. बाबासाहेब अमक्या फलाटावर उतरले होते, असे कोणी सांगितले तर आधी पुरावा विचारा. आपल्या अभिमानाखातर खोटे सांगणे ही सम्यक वाचा नव्हे. खरे आहे तेवढेच पुरेसे आहे.

पुढील पौर्णिमेपर्यंत प्रत्येक कुटुंबाने एवढे करावे :

१) घरातील कोणी रेल्वेत कामास होते काय? कोणत्या कामावर, कोणत्या साली? वृद्धांस विचारून वहीत लिहा.

२) त्यांस पाणी कोठे मिळे, बढती मिळाली काय, हेही विचारा.

३) जुने ओळखपत्र, पगाराचा कागद, छायाचित्र असेल तर जपून ठेवा.

४) दोन-तीन कुटुंबांची माहिती जुळवून पाहा. मग सर्वांच्या सहीने अर्ज करून ती रेल्वे अधिकाऱ्यांकडे द्या.

‘एहि पस्सिको’, म्हणजे ये आणि पाहा, असे धम्म सांगतो. फलाटावरच्या अनोळखी प्रवाशासही तेच म्हणता आले पाहिजे. गाडीला अर्धा तास अवकाश असताना त्याने तो फलक वाचावा आणि शेजारी बसलेल्याची जात न विचारता त्याच्यापुढे पाण्याची बाटली करावी. फलकाचे सार्थक त्यात आहे.