ठिपका घरात, पोरगं बाहेर

हिंगणघाटसारख्या गावात बाप म्हणून माझ्या हातून झालेली चूक सांगतो. मुलगा अकरावीत. एके दिवशी त्याच्या फोनच्या कव्हरमागे तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी सापडली. रबर गुंडाळलेली, चुन्याने अजून ओलसर. आपल्या वर्धा जिल्ह्यात गेली जवळजवळ ५० वर्षं दारूबंदी आहे, राज्यात गुटखा २०१२ पासून बंद आहे. तरी मिसरूड न फुटलेल्या पोराला खर्राही मिळतो आणि मोहाचीही.

मी त्याला न सांगता त्याच्या फोनमध्ये ठिकाण दाखवणारं अ‍ॅप टाकलं. आठ दिवस दुकानात बसून नकाशावरचा निळा ठिपका बघत राहिलो. एका संध्याकाळी ठिपका पानठेल्याशी थांबला. तडक गेलो आणि मित्रांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. दुसऱ्या दिवसापासून ठिपका घरातच. फोन उशीखाली, पोरगं बाहेर. "बाबा, तुमी माह्यावर पाळत ठेवली," एवढंच म्हणाला. पुढे दीड महिना अबोला.

वाट सापडली तीही फोनमधूनच. त्याच्या आईने त्याला १४४१६ हा टेली-मानसचा नंबर दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. एका रात्री गच्चीवर जाऊन त्याने स्वतःच फोन लावला. काय बोलला, ते आम्ही आजतागायत विचारलेलं नाही.

तेव्हापासून तलफ आली की तो वेळ आणि जागा फोनमध्ये लिहितो, दहा मिनिटांचा टायमर लावतो. बहुतेक वेळा तेवढ्यात तलफ ओसरते. पंधरा दिवसांच्या नोंदी त्यानेच मला दाखवल्या: शिकवणी सुटल्यावर, सव्वासात, तोच चौक. त्याने रस्ता बदलला.

पण सगळं फोनवर सोपवू नका. उभी तीन बोटं तोंडात जात नसतील, तिखट झोंबत असेल, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. रोज पिणाऱ्या मुलाचे हात कापत असतील तर घरच्या घरी एकदम दारू तोडू नका. सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे न्या. आणि राग काढायचाच तर विकणाऱ्यावर काढा, पोलिसात तक्रार द्या. अल्पवयीनाला नशेची वस्तू देणाऱ्याला बालन्याय कायद्यात ७ वर्षांपर्यंत कैद आहे.

मधे दोनदा त्याचा पाय घसरला. दोन्ही वेळा त्यानेच येऊन सांगितलं. आयाबायांनो, बापांनो, १४४१६ आजच मुलाच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या, आणि तो फोन चोरून उघडू नका.