प्रादेशिक सेना : व्यवसाय आणि पथकाची निवड

पुणे-सातारा महामार्गावरील वरवे बुद्रुक (ता. भोर) यांसारख्या गावांत घरची शेती सांभाळून पुण्यात नोकरी करणारे अनेक पदवीधर आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याची सैन्याधिकारी होण्याची आकांक्षा असते. परंतु नियमित सेनेत प्रवेश करण्याचे वय उलटून गेलेले असते. अशांना प्रादेशिक सेनेचा मार्ग खुला आहे. १८ ते ४२ वर्षे वयाच्या, उपजीविकेचे स्वतंत्र साधन असलेल्या पदवीधर स्त्री-पुरुषांना तेथे अधिकारपदासाठी अर्ज करता येतो. मात्र आपले कौशल्य कोणत्या पथकात उपयोगी पडेल, याचा विचार आधीच झालेला बरा.

पथकांचे स्वरूप

१९४८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या या सेनेचे उद्घाटन ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी केले. १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांत तिने नियमित सेनेला साहाय्य केले.

रेल्वे व तेल उद्योगाशी निगडित खातेनिहाय पथकांत नागरी कौशल्य जसेच्या तसे उपयोगी पडते. आणीबाणीच्या प्रसंगी रेल्वे वाहतूक व इंधनपुरवठा अखंड ठेवणे हे त्यांचे कार्य होय. तथापि, तेथे त्या त्या खात्याच्या सेवकांनाच प्रवेश मिळतो.

शिक्षक, वकील, बँक कर्मचारी किंवा खाजगी कारखान्यातील अभियंता यांच्यासाठी मुख्यत्वे पायदळाची पथके आहेत. तेथे पदवीचा विषय गौण ठरतो. शिक्षकाची समजावून सांगण्याची हातोटी आणि अभियंत्याची नियोजनशक्ती हे गुण मात्र जवानांचे नेतृत्व करताना कामी येतात. आपले तांत्रिक ज्ञानच वापरावयास मिळेल, या अपेक्षेने पायदळात जाणाऱ्याच्या पदरी निराशा येण्याचा संभव आहे.

घरचा हिशेब

पहिल्या वर्षी एक महिन्याचे प्राथमिक प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचे शिबिर आणि पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचे प्रशिक्षण, असा हा क्रम असतो. सेवेवरून परतलेल्यास पूर्वीच्या नोकरीत घेण्याविषयी कायद्यात तरतूद आहे. तरीही ही पूर्णवेळ नोकरी नव्हे आणि निवृत्तिवेतनाची हमीही नाही. शिबिर भातलावणीच्या दिवसांत आले तर शेत कोण पाहील, हे भोरच्या उमेदवाराने घरच्यांशी बोलून ठरवावे. कारण बोलावणे आले की हातचे काम ठेवून निघावे लागते. ती तयारी असेल, तरच अर्ज भरावा.