शोपँचा प्रील्यूड वाद्यवृंदाला देताना

चि. मृण्मयीस,


तुझा खर्डा वाचला. शोपँचा ई मायनर प्रील्यूड (ओपस 28, क्रमांक 4) जेमतेम 25 बारांचा, आणि तू ट्रंपेट, ट्रॉम्बोन, टिंपनी सगळ्यांनाच कामाला लावलंस! वादक समोर बसलेत म्हणून प्रत्येकाने वाजवलंच पाहिजे असं थोडंच आहे?

पियानोची पट्टी दाबली की सूर लगेच विरायला लागतो. या रचनेची निम्मी उदासी त्यातच आहे. क्लॅरिनेटचा किंवा व्हायोलिनचा सूर मात्र आपणहून विरत नाही. श्वास किंवा बो चालू आहे तोवर तो उभाच. तेव्हा लांब सूर कुठे ओसरायचा, कुठे सोडायचा, हे तुलाच लिहून द्यावं लागेल. तुझ्या पानांवर ते कुठेच नाही.

डावा हात बघ. बारात आठ वेळा कॉर्ड, आणि बहुतेकदा तीनपैकी एखादाच सूर अर्ध्या स्वराने खाली सरकतो. कान तिथेच लागतो. ते तीन सूर दुसरी व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांना वाटून दे, म्हणजे ज्याचा सूर सरकतो तो वेगळा ऐकू येईल. आठही सूर सुट्या बोने काढलेस तर ठोकाठोक होईल. चार-चार सूर एका बोमध्ये, किंचित तोडून घ्यायला सांग.

वरची चाल सुरुवातीला बी आणि सी या दोनच सुरांत घुटमळते. ती एकट्या क्लॅरिनेटला दे. राव्हेलने 1899 साली पियानोसाठी लिहिलेलं ‘पाव्हान’ 1910 मध्ये वाद्यवृंदाला दिलं, तेव्हा सुरुवातीची चाल एकट्या हॉर्नकडे सोपवली आणि ट्रंपेट-ट्रॉम्बोनला घेतलंच नाही. तुझी पहिली व्हायोलिनही सोळाव्या बारापर्यंत गप्प ठेव. तिथे शोपँ जोर मागतो. तेव्हा ती आली तर तिचं येणं जाणवेल.

तेविसाव्या बारातल्या विरामात तू हार्प भरली आहेस, ती काढून टाक. शोपँने तिथे शांतताच लिहिली आहे.

सुधारून झालं की व्हिओलाचं पान एकटंच गाऊन बघ. गाताना कंटाळा आला, तर वाजवणाऱ्यालाही येणार. मग ते पुन्हा लिही आणि मगच मला पाठव.

तुझा,
अप्पामामा